चार मिनिटांचा इंटरनॅशनल

आमचे मालक कधी खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. कॅनडातल्या मिल्टनला त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही नवरा-बायकोनं पाच वर्षं काढली. या पाच वर्षांत त्या माणसानं एकदासुद्धा तोंडदेखलं "वा, घर छान लावलंय" म्हटलं नाही. सोफा भिंतीपासून एका बाजूला दोन इंच जास्त सरकलाय, हे मात्र आल्या दिवशी सांगितलं.

मालक म्हणजे घरमालक. पण आम्ही कोल्हापूरची माणसं कुणालाही मालक म्हणतो, रिक्षावाल्यालासुद्धा. त्यामुळं पहिल्या दिवशी "काय मालक" तोंडातून गेलं ते गेलंच. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, ओनर. ते गंभीर होऊन म्हणाले, "घर माझ्या बायकोच्या नावावर आहे." तरी पुढं त्यांना ते नाव आवडायला लागलं. मी विसरून "मिस्टर" वगैरे म्हटलं तर ओ देत नसत.

माणूस स्वीडनचा. म्हणजे जन्म तुर्कस्तानातल्या एका खेड्यातला, पण बाप स्वीडनला मोटारीच्या कारखान्यात लागला म्हणून तीन वर्षांचे असताना आईच्या कडेवरून तिकडं गेले. वाढले तिथं, शिकले तिथं. पुढं बायको कॅनडाची मिळाली, शाळेत शिकवणारी, म्हणून मिल्टनला आले. उंचीला ताड, डोक्यावर केस नाहीत, आणि चालताना उजवा गुडघा जरासा अडखळायचा. टाऊनच्या पार्क खात्यात नोकरी. मिल्टनमधल्या सॉकरच्या मैदानांवर पांढऱ्या रेघा मारायच्या, हे त्यांचं काम. आता गावच्या पोरांच्या मैदानाची रेघ चार इंच इकडं काय, तिकडं काय! पण मालक दोरी लावून, टेप लावून, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघायचे. एकदा पेनल्टीचा ठिपका चुकला म्हणून रविवारी स्वतःच्या सुट्टीत जाऊन त्यांनी तो पुसला आणि परत काढला. मी बरोबर होतो. मी विचारलं, "किती चुकला होता?" म्हणाले, "तीन बोटं." मी म्हटलं, "मालक, इथली पोरं तिथून मारतात तो बॉल पार्किंगमध्ये जातो." ते म्हणाले, "तो त्यांचा प्रश्न आहे. ठिपका माझा आहे."

आम्ही आलो ते दोन हजार सहाच्या डिसेंबरात. पहिला बर्फ पडला आणि मी हौसेनं फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल केला. घाम निघाला. वर जाऊन ऐटीत बेल वाजवली. मालक बाहेर आले, बघितलं, आत गेले आणि दोरी घेऊन आले. ड्राइव्हवेच्या कडेला दोरी ताणली आणि जिथं जिथं माझी कड वाकडी गेली होती तिथं तिथं मला बोट दाखवलं. मी कॉम्प्युटर इंजिनियर, उणे किती तरी थंडीत दोरीच्या रेषेत बर्फ कापत उभा! बायको बेसमेंटच्या खिडकीतून बघून हसत होती. तिचं आधीपासूनच मत होतं की मला कुणीतरी सरळ करायला पाहिजे.

आणि वेळ! वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. टोरांटोहून संध्याकाळची गो ट्रेन मिल्टनला आली की पुढं घरापर्यंत चालायला अर्धा तास. मालक कधी कधी त्याच वेळेला स्टेशनवरून जायचे, म्हणून एकदा त्यांनी लिफ्ट देऊ केली. मी गाडीतून फोन केला, "पाच मिनिटांत पोचतो मालक." आता पाच मिनिटं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मी बाहेर आलो तर मालक नाहीत. वाऱ्यात चालत, नाक लाल करून घरी पोचलो. ते दारातच होते. म्हणाले, "मी पाच मिनिटं थांबलो. मग आणखी एक मिनिट थांबलो, कारण तू माझा भाडेकरू आहेस." मी कावलो. म्हटलं, "अहो, बाहेर उणे तीस आहे!" ते म्हणाले, "उणे एकोणीस."

असल्या माणसावर राग धरावा, तर तेही जमायचं नाही. जानेवारीतला एक शनिवार मला आठवतो. बायकोला कोल्हापूरची आठवण येऊन दोन दिवस ती नीट बोलत नव्हती. सकाळी एकदम वरून वेलदोड्याचा वास आला. खरा, ताज्या कुटलेल्या वेलदोड्याचा. ती जिन्यातच जाऊन उभी राहिली. मालक वर पाव भाजत होते. स्वीडनमध्ये म्हणे कॉफीबरोबर वेलदोड्याचे गोड पाव खातात, आणि हा माणूस दर शनिवारी ते करायचा. ती रडायलाच लागली. मालक घाबरले. दोन पाव बशीत घालून हातात दिले, आणि पुढं पाच वर्षं दर शनिवारी दहा वाजता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोन पाव. दहा म्हणजे दहा. ती म्हणायची, "माणूस करकरीत आहे, पण आतून मऊ आहे."

आता मुख्य गोष्टीकडं येतो. आमच्या कोल्हापूरला फुटबॉलचं काय वेड आहे ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दोन पेठांची मॅच असली की दुकानं अर्धी मिटतात. लग्नाची तारीखसुद्धा मॅच बघून धरतात. मी स्वतः आमच्या पेठेच्या ब टीमला डावा बॅक होतो. मोठा खेळाडू नव्हतो, पण पाय ओळखायला शिकलो. तर एका मे महिन्यात मालक मैदानावर रेघा मारत होते आणि आम्ही चार देशी पोटवाले पलीकडं बॉल लाथाडत होतो. कुणाचा तरी शॉट उडाला आणि बॉल थेट मालकांच्या अंगावर. त्यांनी हातातलं यंत्र सोडलं नाही. डावा पाय नुसता वर केला, बॉल त्यावर अलगद बसला, खाली आला, आणि परत मारला तो चाळीस पावलांवर माझ्या छातीवर. मी तसाच उभा. परत ते रेघ मारायला लागले.

मी पळत गेलो. "मालक, तुम्ही खेळलाय."

"हो."

"कुठं?"

"कारखान्याच्या टीमला. मग तिसऱ्या डिव्हिजनला, दुसऱ्या, पहिल्या. अकरा सीझन. मग गुडघा."

"आणि?"

त्यांनी रेघ पुरी केली. मग म्हणाले, "आणि स्वीडनला."

आयला! मी बसलोच गवतावर. हा माणूस स्वीडनचा इंटरनॅशनल आणि मी याच्या बेसमेंटात राहून याच्याशी वॉशरूमच्या पंख्यावरून भांडतोय! मी विचारलं, "किती मॅच?" म्हणाले, "एक. चार मिनिटं. बॉलला पाय लागला नाही." आणि हसून पुढं म्हणाले, "स्वीडनच्या इतिहासात एकही चूक न केलेला खेळाडू मीच."

ती गोष्ट मात्र त्यांनी मला हप्त्याहप्त्यानं सांगितली, कधी गॅरेजमध्ये विंटर टायर बदलताना, कधी अंगणात. बावीसतेवीस वर्षांचे असताना निवड झाली. परदेशातून आलेल्या कामगाराचा पोरगा देशाच्या टीममध्ये, कारखान्याच्या गावाला केवढं अप्रूप! फोरमन स्वतः बापाजवळ येऊन हात मिळवून गेला. बापानं आणि त्याच्या अठरा तुर्की दोस्तांनी मिळून बस ठरवली, उकडलेली अंडी, पाव, ऑलिव्हचे डबे घेतले, आणि पाच तास प्रवास करून स्टेडियमवर एक आख्खी रांग धरली. मालक बाकावर. पहिला हाफ गेला, दुसरा जात आला. शेवटी एकाचा पाय मुरगळला तेव्हा यांना आत सोडलं. पळाले, पळाले, आणि शिट्टी वाजली. बॉल काही आला नाही. परत बोलावणंही कधी आलं नाही.

"बाबा काय म्हणाले?" मी विचारलं. त्यांच्याकडंही बापाला बाबाच म्हणतात.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर गेले."

"आणि नंतर?"

"नंतरही नाही. पंचवीस वर्षांत त्या मॅचचा शब्द काढला नाही. अठरा माणसं घेऊन आले होते." एवढं बोलून त्यांनी टायरचा नट आवळला. मग म्हणाले, "मी त्यांना त्या माणसांसमोर मान खाली घालायला लावली, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. विचारलं नाही."

इंच सोडायचा नाही असा माणूस, आणि ही एक गोष्ट त्यानं पंचवीस वर्षं मोजून बघितली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "विचारा की!" त्यांनी मला विचारलं, "तू तुझ्या बाबांना असं काही विचारतोस?" मी पुढचा नट शोधायला लागलो.

चौथ्या उन्हाळ्यात ते बाबा मिल्टनला आले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, डोक्यावर टोपी, मिशी पांढरीशुभ्र. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. आमची बायको आणि ते दुपारभर अंगणात बसायचे. ही कोल्हापुरी मराठी बोलायची, ते तुर्की. चाय, साबण, दुनिया, हवा असले पाचसहा शब्द दोघांचे सारखे निघाले, तेवढ्यावर त्यांचं मस्त चालायचं. मी विचारलं, "काय बोलता गं एवढं?" ती म्हणाली, "सुखदुःखाचं." मालक आणि बाबा मात्र एकत्र बसले की फक्त हवामान. पाऊस येईल का, वारा कुठला आहे. मला बघवायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाचा क्रीडादिन होता. क्रिकेट, लिंबू-चमचा, लंगडी आणि खो-खो. खो-खोचं मैदान आखायचं माझ्याकडं आलं. मी मालकांना गळ घातली. त्यांनी विचारलं, "माप?" मी म्हटलं, "अंदाजे." ते म्हणाले, "अंदाजे म्हणजे किती इंच?" शेवटी इंटरनेटवरून नियम छापून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पूर्ण एक दिवस घालवला. बाबा सावलीत खुर्ची टाकून बघत होते. खोटं सांगत नाही, भारतात मी इतकं सुंदर खो-खोचं मैदान बघितलं नव्हतं. पोरी त्याच्यावर पाय ठेवायला कचरत होत्या.

मंडळाचे अध्यक्ष ओकव्हिलचे रिटायर्ड डॉक्टर. चाळीस वर्षांपूर्वी आले, आणि येताना जी मराठी आणली ती तशीच इस्त्री करून ठेवलेली. ते मैदान बघून गहिवरले. "यांचा सत्कार झालाच पाहिजे! शाल, श्रीफळ! मला चार ओळींचा परिचय लिहून दे." आता इथं माझी चूक झाली, कबूल करतो. सत्काराचा परिचय म्हणजे "हे रेघा मारतात" एवढाच कसा लिहायचा? आमच्या पेठेत कुणी असा लिहिला असता तर सत्कारमूर्ती रुसून घरी गेला असता. मी खाली एक ओळ टाकली, "स्वीडनकडून आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळले." खोटं काही नाही. चार मिनिटं तेवढी लिहिली नाहीत.

मालकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "रेघांसाठी येतो. पण बाबा असतील. फुटबॉलचा विषय नको." मी धावत डॉक्टरांना गाठलं, "डॉक्टर, ती शेवटची ओळ वाचू नका." ते म्हणाले, "बरं, बरं." डॉक्टरांचं बरं म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

बक्षीस समारंभ पार्कच्या शेडखाली. दोनेकशे माणसं, माइक, पुढच्या रांगेत बाबा, शेजारी आमची बायको. डॉक्टरांनी भाषण सुरुवातीला मराठीत केलं, मग पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. "आज आपल्यामध्ये एक क्रीडामहर्षी उपस्थित आहेत! स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचे आधारस्तंभ! ज्यांनी वर्षानुवर्षं, पन्नासाहून अधिक सामन्यांमध्ये..." मी डोळे मिटले. पन्नास कुठून आले, देव जाणे. टाळ्यांचा कडकडाट. जुलैच्या उकाड्यात मालकांच्या खांद्यावर शाल पडली, हातात शेंडीचा नारळ आला. तो कसा धरायचा ते कळेना म्हणून त्यांनी गोलकीपरसारखा छातीशी धरला. आणि माइककडं आले.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "एक मॅच. चार मिनिटं. मी बॉलला हात काय, पायही लावला नाही. धन्यवाद."

डॉक्टर हातातल्या कागदाकडं बघताहेत, मी जमीन कुठं फाटते का बघतोय. पुढच्या रांगेतून बाबांनी मोठ्यानं काहीतरी विचारलं. साहजिकच होतं. एवढ्या टाळ्या वाजल्या आणि पोरानं दोन शब्द बोलल्यावर सगळे गप्प का झाले? मालकांनी चार दिशांना बघितलं. खोटं तर बोलता येत नव्हतं. शेवटी दोनचार शब्दांत त्यांनी सांगून टाकलं.

बाबा काठी टेकत उठले. बायकोनं हात द्यायला बघितला, तिला थांबवून एकटे माइकपाशी आले आणि बोलायला लागले. मालक इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत. मालकांनी एक शब्द गाळला नाही. गाळणं त्यांना माहीतच नव्हतं.

"ते म्हणतात, चार मिनिटं नाही. चार मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ त्यांच्या हातात होतं."

मालकांची चूक दुसऱ्या कुणी काढलेली मी पहिल्यांदाच बघितली. लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी काठी उचलली आणि समोरच्या गवतावर दाखवत पुढं सांगायला लागले.

"ते म्हणतात, माझा मुलगा आत आला आणि उजव्या बाजूनं पळाला. दोन माणसांच्या मधून गेला. हात वर केला. त्यांनी बॉल दुसऱ्याला, डावीकडं दिला. मग तो मधे आला. परत हात वर केला. तेव्हाही दिला नाही. मग शेवटी गोलसमोर गेला..."

मालक थांबले. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा जोरात, याला ऐकू आलं नसेल म्हणून. मालकांनी नारळ काखेत धरला.

"ते म्हणतात, तिथं माझ्या मुलाजवळ कुणी नव्हतं. तो मोकळा होता. सगळ्या जगाला दिसत होतं. आणि कुणी त्याला पास दिला नाही."

मी ते मराठीत सांगितलं. पलीकडं कुणाचं तरी तान्हं पोर किरकिरत होतं. आणि पुढच्या रांगेतून आमची बायको, जिला ऑफसाइड म्हणजे काय ते आजही माहीत नाही, ती ताडकन उठली.

"अगं बया! मग दिला का न्हाई मेल्यांनी?"

शेड हसून कोसळायची बाकी राहिली. डॉक्टरसुद्धा हसले. मालक माझ्याकडं वळले, "काय म्हणाली? नेमकं सांग." मी सांगितलं. 'मेल्यांनी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून तिथं मी एक चांगली सणसणीत शिवी घातली. मालकांनी ती जशीच्या तशी बापाला पोचवली.

बाबांनी बायकोकडं बघितलं. मग काठी जमिनीवर आपटून असे खदखदून हसले की टोपी कलली. हसता हसता ते काहीतरी बोलले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

मालक माइकमध्ये म्हणाले, "ते म्हणतात, त्या दिवशी रांगेत उभं राहून तेही हेच ओरडले होते. हाच शब्द."

मग बापाकडं वळून म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही, बाबा." गडबडीत ते इंग्रजीत बोलले होते. बाबांना काही कळलं नाही, ते तोंडाकडं बघत राहिले. मालकांनी तेच परत तुर्कीत सांगितलं. तेव्हा बाबांनी काठी आमच्या बायकोच्या हातात दिली, टाचा उंचावल्या, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या आपल्या पोराचा कान धरून सगळ्या मंडळासमोर पिरगाळला.